चुलीपासून दीडशे मीटर

वारा सुटल्याला नववा दिवस होता. माळावरची माती उठायची, रस्ता ओलांडायची आणि दोनच ठिकाणी येऊन बसायची. एक नाचघर, दुसरं थोरलीचं घर. त्या माळावर तिसरी भिंतच नव्हती. थोरली सकाळी नाचघर झाडायची, दुपारी आपलं घर झाडायची, आणि दुसरं झाडून होईतो पहिल्यात पुन्हा बोटाने रेघ ओढावी इतकी माती साचलेली असायची.

ती घरातली थोरली सून. धाकटी जाऊ नवऱ्याबरोबर शहरात गेली त्याला बारा वर्षं झाली, पण थोरली ती थोरलीच राहिली. सासू तिला त्याच नावाने हाक मारायची, नवरा त्याच नावाने, आणि सात वर्षांपूर्वी नाचघर उभं राहिलं तेव्हा तिथल्या बायकांनीही तेच नाव उचललं. फक्त पुढे ‘ताई’ जोडलं.

नाचघराच्या दाराला रोज कुणी ना कुणी कागद चिकटवून जायचं. टायरची जाहिरात, दातदुखीचं औषध, हरवलेल्या माणसाचा फोटो. मालकाला ते खपायचं नाही. म्हणून दिवसाचं पहिलं काम ठरलेलं: ओलं फडकं फिरवायचं, कागद भिजू द्यायचा आणि नवऱ्याच्या जुन्या थापीने खरवडून काढायचा. कागदावर काय आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला फक्त खळ दिसायची.

त्या सकाळीही कागद निम्मा उतरला होता, तेवढ्यात शिडी डोळे चोळत बाहेर आली. शिडी म्हणजे नाचणाऱ्या अकराजणींतली सगळ्यांत उंच.

“थोरलीताई, थांब! अगं, शिक्का आहे त्याच्यावर!”

थोरलीचा हात तसाच राहिला. दाराला अर्धा शिक्का उरला होता. बाकीचा कागद बादलीत लगदा होऊन तरंगत होता.

“सरकारी कागद खरवडलास तू,” शिडी म्हणाली आणि तिला हसूच आवरेना. “तुला फाशी. मला तुझी ती निळी बादली देऊन जा.”

दोघींनी लगद्यातून तुकडे वेचले आणि धुण्याच्या दगडावर लावले. थोरलीने नवऱ्याला हाक मारली. तो गवंडी. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकायचा नाही, त्यामुळे तो लांबून येताना दाराला फळी टेकवावी तसा एक पाय टाकत यायचा. त्याने उकिडवं बसता येत नाही म्हणून दगडाशेजारी सरळ बसकण मारली आणि एकेक तुकडा वाचू लागला.

पालिकेची नियमावली होती. प्रौढांच्या करमणुकीच्या जागांसाठी परवाना घ्यावा लागेल. रस्त्याच्या बाजूला बायकांची चित्रं लावायची नाहीत. दारासमोर आडभिंत हवी. अठराच्या आतलं कुणी आत येता कामा नये. अकराला बंद. तपासणी होऊन परवाना मिळेपर्यंत आजपासूनच बंद.

“एवढंच ना?” तोवर मालक येऊन उभा राहिला होता. मालक पूर्वी ट्रक चालवायचा, आणि अजूनही बोलताना दोन्ही हात चाकावर असल्यासारखे पुढे धरायचा. “आडभिंत काय, गवंडी दोन दिवसांत घालेल. चित्रं उतरवू.”

“एक तुकडा कमी आहे,” गवंडी म्हणाला. “इथे ‘किमान’ लिहिलंय आणि पुढे काहीच नाही.”

बादली उलटी केली. नाल्यात पाहिलं. शेवटी शिडीनेच थोरलीच्या पायाकडे बोट दाखवलं. तुकडा तिच्या टाचेला चिकटला होता. थोरलीने पाय वर केला, गवंड्याने तो कागद सोलून दगडावर बसवला.

“राहत्या घरापासून किमान दीडशे मीटर.”

सगळ्यांनी एकाच बाजूला पाहिलं. तिकडे थोरलीच्या घराच्या पत्र्यावर वारा माती सांडत होता.

गवंड्याने टेप आणून मोजलं. दोनदा मोजलं. ब्याण्णव.

*

मालकाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो थोरलीच्या दारात आला. सात वर्षांत पहिल्यांदा. सासूने त्याला पाहून पाठ फिरवली. नाचघर झालं त्या दिवसापासून ती त्या बाजूला तोंड करून जेवतही नव्हती.

“कचेरीत विचारून आलोय,” मालक म्हणाला. “राहतं घर कशाला म्हणायचं, तर जिथे चूल आहे आणि अंथरूण आहे ते. दोन्ही नसेल तर ते घर नाही. मग ते काहीही असू शकतं. गोठा असू शकतो.”

“कुणाचा गोठा?” गवंड्याने विचारलं.

“तुमचाच. सोमवारी मोजणीसाहेब येणार. एका दिवसाचं काम आहे. चूल काढा, सामान माझ्याकडे आणून ठेवा, चार शेळ्या बांधा. साहेब गेला की पुन्हा तुमचं घर तुमचं.”

“आणि मी?” सासू भिंतीकडे तोंड करूनच बोलली. “मला कुठे बांधणार? शेळ्यांत की वेगळा खुंटा?”

मालकाने चाकावरचे हात खाली घेतले. “आजी, माझ्याकडे अकरा बायका आहेत. त्यांना दुसरं काही येत नाही असं नाही, पण दुसरं कुणी देत नाही. तुमची सून माझ्याकडे, तुमच्या मुलाची डागडुजी माझ्याकडे. त्या गुडघ्यावर दुसरं कोण काम देईल त्याला?”

हे त्याने धमकावून म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. गवंडी आपल्या गुडघ्याकडे पाहत राहिला. थोरलीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिने उगाचच एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात ठेवला.

“एकाच दिवसाचं ना?” तिने विचारलं.

“एकाच.”

*

चूल गवंड्याने स्वतः काढली. लग्नाच्या वर्षी त्यानेच बांधली होती. आधी चूल, मग तिच्याभोवती घर. हातोडीचा घाव त्याने घातलाच नाही. पटाशीने सांधे मोकळे केले आणि प्रत्येक वीट निघेल तसा तिच्यावर कोळशाने आकडा घातला. एक, दोन, तीन. एकतीस विटा निघाल्या.

“आकडे कशाला?” थोरलीने विचारलं.

“परत लावताना धूर घरात फिरायला नको. जिची जागा तिला.”

चुलीमागच्या काळ्या भिंतीला त्याने चुना मारला. दाराबाहेरची घराच्या क्रमांकाची पत्र्याची पट्टी स्क्रू काढून उतरवली आणि खिशात घातली. खाट, अंथरुणं, भांडी, लेकीचा फोटो, सासूची काठी, सगळं दोघांनी वाहून नेलं. लेक शहरात दाईचं शिकत होती. तिला यातलं काही कळवलं नव्हतं. खाट रस्त्याकडेने नेताना दूधवाला सायकल थांबवून पाहत राहिला.

“काय थोरले, घर विकलं की तूपण नाचायला लागलीस?”

“लागले. तू ये ना ढोल बडवायला. दुधात पाणी घालून हात मोकळे झाले असतील.”

तो हसत गेला. थोरलीचे कान मात्र नाचघरापर्यंत तापलेलेच होते.

शेळीवाल्याने सहा शेळ्या दिल्या. त्या आत जायलाच तयार होईनात. एकीने दाराच्या चौकटीला पाय लावून नकार दिला. गवंड्याने मागून ढकललं, थोरलीने पुढून कान धरले. सासू लांबून म्हणाली, “तिला कळतं बघ, हे माणसांचं घर आहे ते.”

*

सोमवारी साहेब आला नाही. मंगळवारीही नाही.

नाचघर बंद, म्हणून अकराजणी मोकळ्या. त्या केस धुवायच्या, वाळवायच्या, भांडायच्या, पुन्हा धुवायच्या. आडभिंत बांधून झाली होती. दारावरची चित्रं उतरवून भिंतीशी उलटी ठेवली होती. सामानाची खोली थोरलीच्या संसाराने भरून गेली. आरशांसमोर तिची पातेली, टिकल्यांच्या घागऱ्यांखाली तिची अंथरुणं. चहा करायला ती मागच्या अंगणात तीन दगडांवर बसायची आणि वारा तीनही बाजूंनी जाळ विझवायचा.

तिचे हात थांबत नव्हते. झाडून झालेलं ती पुन्हा झाडायची. घासलेलं पातेलं पुन्हा घासायची. दर घटकेला आडभिंतीशी जाऊन रस्ता पाहायची. लांबून धुरळा उठला की सगळ्यांना हाक मारायची, आणि धुरळ्यातून ट्रक निघायचा.

“ताई, बस जरा,” शिडी म्हणायची. “तुला बघून मला घेरी येते.”

“बसले की जास्तच होतं.”

सासूचं मात्र भलतंच झालं. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. पण त्या खोलीत चारही भिंतींना आरसे. जिकडे वळावं तिकडे बायका. दुसऱ्या दिवशी एकीने न विचारता तिच्या केसांना तेल लावलं. संध्याकाळपर्यंत म्हातारी कुणी आधी जेवायचं, कुणी भांडी घासायची, हे सांगू लागली होती. एकीच्या पायाला नाचून नाचून घट्टे पडले होते. म्हातारीने तो पाय मांडीवर घेतला आणि बोटं मोडत म्हणाली, “किती गं दगडासारखं हे. शेतात राबलेल्या बाईचं असतं तसं.”

रोज दुपारी थोरली ब्याण्णव मीटर चालून आपल्या घरी जायची. शेळ्यांना पाला टाकायची. मग उभी राहून पाहायची. लेंड्या, मूत, चुन्याची भिंत, जिथे खाट होती तिथली रिकामी जागा. जमिनीवर चुलीची चौकोनी खूण तेवढी उरली होती. एका शेळीने नेमकी तीच जागा बसायला निवडली होती.

तिला ते बघवायचं नाही. मग ती झाडू घ्यायची.

*

गुरुवारी भर दुपारी साहेब आला. वाऱ्याने त्याचे ओठ फुटले होते, आणि बरोबर फीत धरायला एक माणूस होता. साहेब फार बोलत नव्हता. त्याने आडभिंत पाहिली, दार पाहिलं, बंद होण्याची वेळ लिहिलेली पाटी पाहिली. प्रत्येक गोष्टीपुढे त्याने वहीत खूण केली. मालक त्याच्या मागून चाकावर हात ठेवून चालत होता.

“ते काय आहे?” साहेबाने पेनने घराकडे दाखवलं.

“गोठा,” मालक म्हणाला. “यांचा.”

“चला.”

फीतवाल्याने फीत सोडत नेली. वारा ती उचलायचा, तो पुन्हा जमिनीला टेकवायचा. मागून साहेब, मालक, गवंडी, थोरली. आडभिंतीमागून बायकांच्या माना दिसत होत्या.

“ब्याण्णव,” फीतवाला ओरडला.

साहेब दाराशी थांबला. शेळ्या होत्या. पाला होता. पण त्याची नजर जमिनीवर गेली. जमीन तळहातासारखी स्वच्छ होती. लेंड्या एका कोपऱ्यात नीट ढिगाने लावलेल्या. पाण्याचं भांडं घासून लख्ख. सकाळीच थोरलीने सगळं झाडून, पाणी शिंपडून ठेवलं होतं. सरकारी माणूस येणार, आणि तिच्या घरात घाण दिसणार, हे तिच्याने सहनच झालं नव्हतं.

मालकाने तिच्याकडे पाहिलं. तो नुसता बघत होता, पण तिला ते शिवीसारखं लागलं.

“गोठा बराच टापटीप आहे,” साहेब म्हणाला.

“बायको स्वच्छ आहे,” गवंडी घाईने म्हणाला.

“मग तुम्ही राहता कुठे?”

गवंडी आणि मालक एकमेकांकडे बघू लागले. चार दिवस त्यांनी चूल हलवली, खाट हलवली, भिंत रंगवली, शेळ्या आणल्या. पण हे घर नसेल तर आपण राहतो कुठे, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

“तिकडे,” गवंडी शेवटी म्हणाला आणि त्याने मोघम हात केला. हात नेमका नाचघराकडे गेला. तिथे आडभिंतीच्या कडेला सासू बसली होती आणि एकजण तिची वेणी घालत होती.

“तिकडे म्हणजे त्या जागेत?” साहेब म्हणाला. “मग अंतर शून्य मीटर होईल.”

“नाही नाही,” मालक पुढे झाला. “ते आमच्या ओळखीतल्या एका... गावात राहतात ते. गावात.”

साहेबाने वही मिटली नाही. फुटक्या ओठांवरून जीभ फिरवली. “हे बघा. मी जे पाहीन ते लिहीन. गोठा तर गोठा. फक्त नंतर माझ्याकडे येऊ नका. गोठ्याला पालिका नळ देत नाही, पुढच्या आठवड्यात काढून नेतील. क्रमांक रद्द होईल. उद्या वीजवाला येईल, तोही हाच कागद बघेल. एकदा लिहिलं की पुन्हा घर लिहून घ्यायला वर्षं जातात.”

मालक म्हणाला, “चालेल ना, गोठाच आहे.”

गवंड्याचा हात खिशात गेला. पत्र्याची पट्टी तिथे होती. ती मुठीत धरल्याचं थोरलीला कापडावरून दिसलं. तिने मान खाली घातली. तिला शिडी आठवली, अकराजणींचे वाळत घातलेले केस आठवले, नवऱ्याचा गुडघा आठवला. एक शब्द नाही बोलायचा, तिने ठरवलं. दातांवर दात दाबले.

“आतून बघून घेतो,” साहेब म्हणाला, आणि वळताना त्याचा उजवा बूट शेळीच्या ताज्या घाणीत पडला. त्याला कळलं नाही. त्याने तोच पाय उचलला आणि उंबऱ्यातून आत, त्या झाडलेल्या, शिंपलेल्या जमिनीवर टाकायला पुढे केला.

“बूट बाहेर काढा!”

आवाज केवढा तरी आला. शेळ्यांनीही माना वर केल्या. कोण बोललं हे क्षणभर थोरलीलाही कळलं नाही. मग तिला दिसलं की आपला हात पुढे झालाय आणि साहेबाच्या छातीसमोर आडवा आहे.

साहेबाचा पाय हवेतच होता. त्याने बुटाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मालकाने डोळे मिटले.

साहेबाने पाय मागे घेतला. उंबऱ्यावर बसला. हळूहळू नाड्या सोडल्या, दोन्ही बूट भिंतीशी जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत गेला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो चुलीच्या चौकोनापर्यंत गेला, बसलेल्या शेळीला बाजूला केलं आणि ती खूण पाहत उभा राहिला. कोपऱ्यात आकडे घातलेल्या एकतीस विटा रचून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली, उलटी केली, काजळी बोटाला लावून पाहिली आणि जिथे होती तिथेच ठेवली.

“किती माणसं?” त्याने विचारलं.

उत्तर गवंड्याने दिलं.

“तीन. लेक आली की चार.”

*

“तीन शब्द,” मालक म्हणाला. दोनच दिवसांत ट्रक नाचघरासमोर लागला होता. नदीपलीकडे, बारा कोसांवर, त्याला एक जुनी गोदामाची जागा मिळाली होती. “सात वर्षं तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, वहिनी. आणि बोललात ते तीन शब्द.”

तिने त्याच्या हातातली आरशाची कड धरली आणि दोघांनी मिळून तो आरसा ट्रकवर चढवला.

ती दिवसभर सामान चढवत राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. गवंडी दोर आवळत होता. सासू एकेकीला सांगत होती, डोकं झाकून बसा, वारा फार आहे, रात्री पायांना तेल लावा. शेवटी थोरलीने काचेची बरणी आणून शिडीच्या हातात दिली. सात वर्षं झाडताना सापडलेल्या केसांच्या आकड्यांनी ती गळ्यापर्यंत भरली होती.

“अगं, एवढे आकडे!” शिडी म्हणाली. “आम्ही एकमेकींना चोर म्हणायचो.”

“द्यायचे राहून गेले.”

शिडी ट्रकवर चढली, मग पुन्हा खाली वाकली. “ताई, मुद्दाम बोललीस का गं?”

“तोंडातून गेलं.”

“खरं सांग.”

“खरंच तोंडातून गेलं. पण आता पुन्हा साहेब आला आणि पुन्हा पाय टाकायला लागला, तर काय करीन ते मला विचारू नको.”

शिडीने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण ट्रक सुरू झाला, आणि तिने दातांत एक आकडा धरून केस बांधायला घेतले.

संध्याकाळी गवंड्याने चूल लावली. एक ते एकतीस. आकडे त्याने पुसले नाहीत. कोळशाचेच होते, जाळाने आपोआप जातील म्हणाला. धूर सरळ वर गेला. सासू जेवायला बसली, आणि सवयीने भिंतीकडे वळली, आणि मग उठून आपलं ताट दुसऱ्या बाजूला, नाचघराकडे तोंड करून मांडलं. तिथे दिवा नव्हता.

“काय करायचं आता?” गवंड्याने विचारलं.

“उद्या बघू.”

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरलीचे पाय आपोआप निघाले. हातात बादली, फडकं, थापी. नाचघराच्या दारात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज इथे काम नाही. दाराला मोठं कुलूप होतं. वारा पडला नव्हता. उंबऱ्यात मातीची रास लागली होती, आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता.

कुलपाच्या वर नवा कागद चिकटवलेला होता. शिक्का होता. एका कोपऱ्यात खळ नीट लागली नव्हती आणि तो कोपरा वाऱ्याने फडफडत होता.

तिने फडकं भिजवलं. ते हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग पहिल्यांदाच तिने दारावरचा कागद वाचला. सावकाश, ओळीखाली बोट धरून. परवाना नाकारण्यात येत आहे. कारण: ब्याण्णव मीटर अंतरावर राहते घर. चूल एक. माणसे तीन, प्रसंगी चार. आणि खाली घराचा क्रमांक, जसाच्या तसा.

तिने फडकं बादलीत टाकलं. बोटाने खळीचा उरलेला ओला गोळा फडफडत्या कोपऱ्याखाली सरकवला, आणि तळहाताने कागद मधून कडेपर्यंत दाबत नेला, खाली हवा राहू नये म्हणून.

मग तिने झाडू घेतला आणि त्या बंद दारासमोरची माती झाडायला लागली.